कर्बवायूचं अर्धं भाषण

दुपारची भांडी घासून झाली, तुळशीला पाणी घालून झालं, की दुर्गाबाई कापसाची टोपली घेऊन ओसरीवर बसत. दुपारचं जेवण हेच त्यांचं दिवसातलं एकुलतं जेवण. आषाढी एकादशीपासून त्यांनी लक्षवातीचं व्रत धरलं होतं. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला महादेवापुढे लाख वाती उजळायच्या आणि त्या उजळेपर्यंत एकभुक्त राहायचं. बोटाला राख लावून वात वळायची, बाजूला ठेवायची, पुन्हा कापूस घ्यायचा. संध्याकाळी अंगठा इतका ठणके की भाकरी थापताना पीठ हातातून सुटे. त्या कुणाला सांगत नसत. सांगून ठणका थोडाच थांबतो.

आदल्या हिवाळ्यात त्यांच्या यजमानांना, उद्धवरावांना, न्यूमोनिया झाला होता. चिंचवडला शाळेत शास्त्र शिकवणारा माणूस, खडूच्या धुळीनं आधीच छाती पोखरलेली. एके दिवशी श्वास असा अडकला की डॉक्टरांनीसुद्धा नजर चुकवली. दुर्गाबाई तशाच उठून वस्तीतल्या महादेवाच्या देवळात गेल्या आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाल्या, "यांचा श्वास यांना परत दे. तुझ्यासमोर, इथेच, लाख वाती लावीन."

श्वास परत आला. उद्धवराव म्हणत, पेनिसिलिननं वाचलो. ते औषध आपल्या पिंपरीतच बनतं याचं त्यांना फार कौतुक. दुर्गाबाई म्हणत, "बनत असेल. आपल्यापर्यंत कुणी पोचवलं ते त्याला ठाऊक." यावर दोघांचं भांडण कधी झालं नाही. दोघांनाही तेवढं बळ नव्हतं.

त्या वर्षी कोजागिरीला देवळात उद्धवरावांचं भाषण ठरलं. चारच दिवसांपूर्वी रशियानं आकाशात नवा चंद्र सोडल्याची बातमी आली होती, त्यामुळे वस्तीतली माणसं दिवस मावळायच्या आतच सभामंडपात येऊन बसली. पण उद्धवरावांच्या डोक्यात दुसराच विषय होता. त्या साली जगभरचे शास्त्रज्ञ मिळून पृथ्वीची तपासणी करत होते, कुणी समुद्र मोजत होतं, कुणी बर्फ, कुणी हवा. इंग्रजी वर्तमानपत्रात हवेबद्दल आलेला मजकूर उद्धवरावांनी इतक्या वेळा वाचला होता की घडीवर कागद फाटला होता.

"चंद्राचं शेवटी सांगतो," ते उभे राहून म्हणाले. "आधी आपल्या जमिनीचं ऐका. ऊन येतं ते सरळ खाली येतं. जमीन तापते. मग ती आपली ऊब वर सोडते, म्हणून पहाटे गारवा पडतो. आता हवेत एक वायू आहे, कार्बन डायऑक्साइड. कर्बवायू म्हणा. तो येणाऱ्या उन्हाला अडवत नाही, पण जाणाऱ्या उबेला अडवतो. घोंगडीसारखा. ही घोंगडी मुळीच नसती तर आपण सगळे गारठून मेलो असतो. थोडी हवीच. पण घोंगडीवर घोंगडी चढवत गेलं तर काय होईल?"

"घाम फुटंल," मागून सोपानराव म्हणाले. माणसं हसली.

"बरोबर. पृथ्वीला घाम फुटेल. आजच नाही. पण फुटेल."

"येतो कुठनं हा वायू?" कुणीतरी विचारलं.

"जळतं त्यातून. चूल, शेकोटी, दिवा, चिलीम. आपण श्वास सोडतो त्यातूनसुद्धा."

"ऐका सोपानराव," त्यांच्या शेजारचा म्हणाला, "तुमी जरा बोलणं कमी करा म्हंजे झालं."

पुन्हा हसू. उद्धवरावही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला थांबेना. त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं, खांबाला हात टेकला आणि म्हणाले, "आता खरी गोष्ट."

दुर्गाबाई बायकांत बसल्या होत्या. यजमानांच्या गळ्याच्या शिरा त्यांना तिथूनही दिसत होत्या. छातीतली शीळ ऐकू येत नव्हती, पण ती वाजत असणार हे त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात बाहेर दिवस मावळला. दिवेलागणीची आरती या देवळात कधी चुकलेली नव्हती. त्यांनी गाभाऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या दत्तोबा गुरवाकडे पाहिलं आणि मान हलवली. दत्तोबा वाटच पाहत होता. त्यानं घंटा ओढली, झांजा वाजल्या, माणसं उठून उभी राहिली. आरतीनंतर दूध वाटलं आणि पांगापांग झाली.

घरी येताना उद्धवराव एवढंच म्हणाले, "अर्धं राहिलं."

"पुढच्या खेपेला सांगा," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या दिवशी ते त्यांना पुरेसं वाटलं होतं.

पुढच्या सोमवारी अंगठा फार सुजला म्हणून त्या देवळात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शालनबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. शालनबाईंचं घर इथलं जुनं, शेतीवाडीचं. बोलणं मोठ्यानं, मन साधं.

"मास्तरीणबाई, आता तुमच्या वातींचं कसं वं?"

"का? काय झालं?"

"तुमास्नी न्हाई ठावं? काल आरतीनंतर नानासाहेबांनी सांगितलं. यंदा तिरपुरीला दीपमाळ लावायची न्हाई, वाती जाळायच्या न्हाईत. गाभाऱ्यात समई येक, बास. जळतं त्यातनं त्यो वायू निघतो, आन् त्यानं धरणीमाय तापती. तुमच्या मालकांनीच सांगितलं नव्हं?"

दुर्गाबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. नानासाहेब म्हणजे देवळाचे मुख्य पंच. नदीकडेला, पुनावळ्याच्या बाजूला त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या. देवळाची फरशी त्यांनीच बसवून दिलेली. त्यांचा शब्द देवळात शेवटचा.

"लोक काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? हरहर महादेव म्हणाले. पुण्याचंच काम हाय की. माझी जाऊ तर घरातली बी समई लावीना झालीया. म्हणती, मी श्वास घेती तेवढं पाप पुरं."

शालनबाई हसल्या, मग दुर्गाबाईंचं तोंड पाहून कुंपणापलीकडून दोन काकड्या देऊन गेल्या.

संध्याकाळी उद्धवराव शाळेतून आले ते वेगळेच. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "ऐकलंस? दीपमाळ बंद केली. माझ्या सांगण्यावरून." त्यांचा चेहरा उजळला होता. आजारपणानंतर तो तसा दुर्गाबाईंनी पाहिलाच नव्हता. "इतकी वर्षं शिकवतोय. पोरं मार्कांपुरतं ऐकतात, मोठी माणसं मान डोलावतात. पहिल्यांदा कुणी ऐकून काही केलं."

दुर्गाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. तांब्या घेताना उद्धवरावांची नजर ओसरीवरच्या टोपलीकडे गेली. वाती अगदी काठापर्यंत आल्या होत्या. ते खाली बसले.

"तुझ्या वातीसुद्धा?"

"वातीसुद्धा."

त्यांनी टोपलीतली एक वात उचलून पाहिली. मग वर्गात बोलावं तसं, पण हळू आवाजात बोलू लागले. "वात कसली? कापसाची. कापूस यंदाचा. तेल करडईचं, तेही यंदाचं. कापसाच्या झाडानं हवेतला कर्बवायू खाऊनच अंग धरलं. तू वात जाळलीस की तोच वायू परत हवेत गेला. पुढच्या साली पीक तो पुन्हा खाईल. घेतलं तेवढं दिलं. कोळशाचं तसं नाही. तो युगानुयुगं जमिनीखाली पुरलेला. वर काढून जाळला की हवेत भर पडते ती नवी. ती खायला तेवढं रान आणायचं कुठून? समुद्र पितो म्हणतात. किती पितो यावर वाद आहे. घोंगडी जाड होते आहे ती कोळशानं. दिव्यांनी नाही."

"मग हे तिथे का नाही सांगितलंत?"

"आरती सुरू झाली."

"मीच खूण केली होती दत्तोबाला."

"पाहिलं मी," उद्धवराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी पाणी प्यायलं आणि तांब्या पालथा घातला.

रविवारी दोघं नानासाहेबांना भेटायला निघाले. उद्धवराव म्हणाले, "तू कशाला येतेस, चालणं फार आहे." दुर्गाबाई म्हणाल्या, "नवस माझा आहे." वाटेत नव्या कारखान्यांची बांधकामं, विटांनी भरलेल्या बैलगाड्या, खडीचे ढीग. पाच वर्षांपूर्वी इथे नुसता माळ होता. उद्धवराव दर थोड्या अंतरावर थांबत आणि काहीतरी पाहत असल्यासारखं करत, म्हणजे श्वास घेता यावा. दुर्गाबाईही त्यांच्याबरोबर तिकडेच पाहत.

भट्टी दुरूनच दिसली. कच्च्या विटांची घराएवढी रास, थराथरात कोळशाची भुकटी पसरलेली, वरून चिखलानं लिंपलेली. ज्वाळा दिसत नव्हती. आतल्या आत सगळं धुमसत होतं आणि भेगांतून धूर खालच्या अंगानं नदीकडे सरकत होता. जवळ गेल्यावर चपलांतूनही तळपायाला धग लागली. डोक्याला फडकी गुंडाळलेली माणसं खाली वाकून विटा उचलत होती. त्यातला ज्योतीराम नावाचा एक जण ओळखीचा निघाला. लातूरकडून आलेला, त्याची मुलगी उद्धवरावांच्या वर्गात होती. त्यानं लगबगीनं बाज आणून टाकली आणि पुन्हा कामाला गेला.

नानासाहेब आले ते हात जोडूनच. "या मास्तर, या वहिनी. मीच येणार होतो. तुमचा शब्द पाळला बघा आम्ही."

"त्याचसाठी आलो," उद्धवराव म्हणाले. "माझं सांगणं अर्धंच राहिलं होतं." आणि त्यांनी ओसरीवर सांगितलेलं सगळं इथे पुन्हा सांगितलं. कापूस, करडई, कोळसा, समुद्र. मध्ये मध्ये थांबून सांगितलं. नानासाहेबांनी एकदाही तोडलं नाही. त्यांनी चहा मागवला, कपाळावरचा घाम पुसला आणि भट्टीकडे पाहिलं.

"म्हणजे ही विझवू म्हणता?"

"विझवा असं मी म्हणत नाही. दिव्यांवर ढकलू नका एवढंच म्हणतो. लोकांना खरं कळू दे."

"खरं कळलं की लोक काय करतील? दिवे लावतील आणि माझ्याकडे बोट दाखवतील." नानासाहेब चिडले नव्हते. तेही थकलेले दिसत होते. "मास्तर, रोज सकाळी कारखान्यांचे मुकादम येऊन उभे राहतात. वीट द्या, वीट द्या. तुमच्या शाळेच्या नव्या खोल्यांची वीट इथली. जिथे तुमचं औषध बनलं, त्याच्याही कुंपणाला माझी वीट गेली आहे. लाकडावर भाजू? मग डोंगर उघडा पडेल, तेव्हाही तुम्हीच भाषण कराल."

उद्धवरावांनी चहाचा कप उचलला. नसलेलं उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती.

नानासाहेबांनी चहाचा कप दुर्गाबाईंकडे सरकवला. दुर्गाबाईंनी नवसाचं आणि एकभुक्ताचं सांगितल्यावर तो परत घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवसाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. एक करू. पौर्णिमेला तुम्ही वाती लावा. गाभाऱ्यासमोर, हव्या तशा. मी लोकांना सांगेन, नवस आधीचा आहे. फक्त मास्तरांनी हे उरलेलं अर्धं देवळात बोलायचं नाही."

"चालेल," उद्धवराव लगेच म्हणाले.

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या लगेच ते कशालाच हो म्हणत नसत. त्यांच्या डोळ्यांसमोर गाभारा आला, उजळलेल्या वाती आल्या आणि त्यानंतर दोन्ही वेळा जेवणं. भूक ही अशी वस्तू, की ती सुटणार म्हटलं की एकदम जाणवते. त्यांनी पदर सारखा केला.

"नानासाहेब," त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "नवस मी यांच्या श्वासासाठी बोलले होते. तो देवानं दिला. आता तोच दाबून धरायचा आणि त्याच्या बदल्यात वाती लावायच्या, हे मला त्याच्यापुढे उभं राहून सांगता येणार नाही."

"बोलू नका असं कुठे म्हणतो मी? देवळात नको, एवढंच."

"नवस मी देवळातच बोलले होते."

नानासाहेबांनी हात पसरले. "मग माझा इलाज नाही, वहिनी."

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या पुलावर उद्धवराव कठड्याला टेकले.

"मी गप्प बसलो असतो. माझं काय, कुणी ऐकत नाही."

"अर्धं ऐकलं ना. तेवढ्यानं केवढं झालं."

उद्धवरावांना हसू आलं आणि खोकलाही आला. दोन्ही ओसरल्यावर ते म्हणाले, "आता व्रताचं काय?"

"वाती नासत नाहीत. पुढच्या कार्तिकात लावीन. लोकांचं ऐकून झालेलं असेल तोवर."

"तोवर एकभुक्त?"

"तसंच बोलले आहे."

उद्धवरावांनी हिशेब केला. दुर्गाबाईंनी तो आधीच केलेला होता. "पुढच्या साली अधिक श्रावण आहे," ते म्हणाले. "बाराचे तेरा महिने होतील."

"होतील," दुर्गाबाई म्हणाल्या. "चला, ऊन चढतंय."

त्रिपुरी पौर्णिमेला देवळात समई एकच लागली. दुर्गाबाई दर्शन घेऊन आल्या. देवाला त्यांनी काय सांगितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिन्हीसांजेला त्यांनी स्वतःच्या अंगणात सतरंजी घातली. शालनबाईंनी घरोघर निरोप दिला होता की मास्तरांचं उरलेलं भाषण आहे. आली मोजकी माणसं: शालनबाई आणि त्यांची जाऊ, सोपानराव, दत्तोबा गुरव देवळाचं दार ओढून आला तो, आणि सगळ्यांच्या मागे, भट्टीवरून तसाच आलेला ज्योतीराम. नानासाहेब येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आलेही नाहीत.

उद्धवरावांनी सगळं सांगितलं. घाई केली नाही. कापूस, करडई, कोळसा. शालनबाईंच्या जावेनं विचारलं, "म्हंजे समई लावली तर चालंल?" ते म्हणाले, "चालेल, बाई. आजच लावा." तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मग घाबरून तोंडावर पदर धरला. शालनबाई म्हणाल्या, "घे गं घे, श्वासाला बी काय न्हाई म्हणत्यात."

मग ज्योतीराम उठून उभा राहिला. हात अजून मातीनं भरलेले होते, ते त्यानं मागे धरले.

"मास्तर, एक विचारू का? कोळसा नाही जाळायचा, तर भट्टी कशावर लावायची? अन् भट्टीच नाही लावली, तर आम्ही काय करावं?"

उद्धवरावांनी त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. भट्टीवर नानासाहेबांनी हेच विचारलं होतं. पण तिथे विचारणाऱ्याच्या पायात चपला होत्या.

"ते मला सांगता येत नाही, ज्योतीराम," उद्धवराव म्हणाले. "आज तरी कुणालाच येत नाही. पण तुझ्या मुलीला हे शिकवतोय मी. तिच्या पिढीला कदाचित सांगता येईल."

ज्योतीरामनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. "मग मालकाला तरी कसं येईल," तो म्हणाला आणि बसला.

बोलण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं, म्हणून माणसं उठायला लागली. तेव्हा सोपानराव म्हणाले, "मास्तर, त्या रशियाच्या चंद्राचं राह्यलंच की." आणि उठलेली माणसं पुन्हा बसली. मग उद्धवरावांनी सांगायला सुरुवात केली. त्या चंद्राचं सगळ्यांनी फार मन लावून ऐकलं, दत्तोबानं तर दोनदा विचारलं की तो पडला तर कुणाच्या रानात पडेल.

सगळे गेल्यावर दुर्गाबाईंनी सतरंजी झटकली आणि आत येऊन यजमानांचं ताट वाढलं. उद्धवराव ताटावर बसले, पण घास उचलेनात.

"तू थोडं खाऊन घे. सणाचा दिवस आहे."

"तुम्ही जेवा."

त्यांनी भात कालवला. खाली पाहतच म्हणाले, "माझी चूक झाली. दिव्यापासून सुरुवात करायला नको होती. पुढच्या वेळी कोळशापासूनच करतो."

"करा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि आमटी वाढली. "आणि आरतीच्या बऱ्याच आधी उभे राहा."